घोडं पेंड कुठं खातं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



एखादं काम होता होता अडलं, की आपण विचारतो, ‘घोडं पेंड कुठं खातंय?’ कसोटीची वेळ आली, की म्हणतो, ‘घोडामैदान जवळच आहे.’ रस्त्यावरचे टांगे गेले, पण भाषेतला घोडा अजून पळतोच आहे. आज मात्र मी बोलणार आहे ते खऱ्याखुऱ्या, रेसकोर्सवर पळणाऱ्या घोड्यांबद्दल. जिंकलेल्या घोड्यांचे फोटो छापून येतात, त्यांच्याबद्दल बोलणारे पुष्कळ असतात. माझा विषय आहे हरलेले घोडे. त्यातही असे थोडे घोडे, जे हरले खरे, पण ज्यांच्या अंगात त्या दिवशी जिंकण्याची किंवा निदान बरंच पुढे येण्याची ताकद होती.

महाराष्ट्राला या शर्यती नव्या नाहीत. पुण्याचं रेसकोर्स १८३० सालचं, मुंबईचं महालक्ष्मीचं १८८३ सालचं. पावसाळ्यात पुण्याला आणि थंडीत मुंबईला शर्यती होतात. महालक्ष्मीच्या इंडियन डर्बीला तर एरवी घोड्याकडे ढुंकूनही न पाहणारी मंडळी नटूनथटून हजर असतात. या दोन्ही मैदानांवर जवळजवळ प्रत्येक शर्यतीनंतर एक वाक्य कानावर पडतं: ‘नशीबच फुटकं हो घोड्याचं, नाहीतर आलाच होता!’

हे वाक्य दोन प्रकारची माणसं बोलतात. एक, ज्यानं शर्यत नीट पाहिली आहे आणि जो घोड्याचं काय झालं ते सांगतो आहे. दुसरा, ज्याचे पैसे नुकतेच गेले आहेत आणि जो स्वतःची समजूत घालतो आहे. शब्द तेच, सूरही पुष्कळदा तोच. पहिल्याचं वाक्य हे निरीक्षण आहे, दुसऱ्याचं वाक्य ही सबब आहे. या दोहोंत फरक कसा करायचा, एवढाच आजच्या बोलण्याचा मुद्दा. तेव्हा ‘टिप’ मिळेल या आशेनं कुणी कागद-पेन्सिल घेऊन बसलं असेल, तर ती कृपया खाली ठेवावी.

सुरुवात निकालापासून करू. रेसबुकात प्रत्येक घोड्याच्या नावाशी त्याच्या मागच्या शर्यतींचे आकडे दिलेले असतात. चौथा, दुसरा, सहावा. घोडा कितवा आला हे आकडा सांगतो. का आला याबद्दल तो गप्प असतो. दमून सहावा आलेला घोडा आणि पुढच्या घोड्यांच्या भिंतीमागे अडकून सहावा आलेला घोडा, दोघांच्या नावापुढे तोच सहाचा आकडा. आणि हा आकडा पुढे बरंच काही ठरवतो. आपल्याकडच्या बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात, म्हणजे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन आणि डाव्याच्या पाठीवर कमी. हे वजन ठरतं ते घोड्याच्या आजवरच्या कामगिरीवरून. जिंकला, की वजन वाढतं. सहावा आला, तर वाढत नाही, हळूहळू उतरूही शकतं. मैलाच्या शर्यतीत एक किलो वजन म्हणजे साधारण एका घोड्याच्या लांबीचा फरक, असा ढोबळ हिशेब जाणकार धरतात. म्हणजे जो घोडा केवळ वाट न मिळाल्यानं मागे राहिला, तो पुढच्या वेळी आपल्या खऱ्या ताकदीपेक्षा हलकं ओझं घेऊन पळतो. ‘या घोड्यावर नजर ठेवा’ असं जुने रेसकर म्हणतात, त्यामागचं तर्कशास्त्र हे असं साधं आहे.

आता एक खरीखुरी गोष्ट सांगतो. जून १९८६. इंग्लंडमध्ये एप्सम इथली डर्बी. डान्सिंग ब्रेव्ह नावाचा घोडा सर्वांचा आवडता. एप्समचं मैदान विचित्र आहे. आधी चढ, मग उतार आणि उतारावरच वळण. जॉकी ग्रेव्हिल स्टार्की यानं डान्सिंग ब्रेव्हला फार मागे ठेवलं. शेवटच्या सरळ पट्ट्यात सगळे वळले, तेव्हा हा घोडा जवळजवळ तळाशी होता. मग त्याला मोकळं सोडल्यावर तो ज्या वेगानं आला, ती चित्रफीत आजही लोक पुन्हा पुन्हा पाहतात. एकेक घोडा मागे टाकत तो आला, पण तोवर मैदान संपलं होतं. शाहरस्तानी हा घोडा अर्ध्या लांबीनं जिंकला. शाहरस्तानीचे मालक होते आगाखान, आणि हे नाव पुणेकरांना काही नवं नाही.

त्या दिवशी निकालात डान्सिंग ब्रेव्हच्या नावापुढे लागला तो दोनचा आकडा. पण पाहणाऱ्यांना दिसलं ते वेगळं. त्याच उन्हाळ्यात तो एक्लिप्स स्टेक्स जिंकला. मग किंग जॉर्ज शर्यतीत, पॅट एडरी हा जॉकी पाठीवर असताना, तो आणि शाहरस्तानी पुन्हा समोरासमोर आले. डान्सिंग ब्रेव्ह पहिला, शाहरस्तानी चौथा. ऑक्टोबरात पॅरिसच्या आर्क द त्रिओम्फ शर्यतीत दोघे तिसऱ्यांदा भेटले आणि निकाल पुन्हा तोच: हा पहिला, तो चौथा. दरम्यान शाहरस्तानीनं आयरिश डर्बी आठ लांब्यांनी जिंकली होती, म्हणजे तोही काही ऐरागैरा घोडा नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण हरलेल्याचं दुर्दैव मान्य करण्यासाठी जिंकणाऱ्याला कमी लेखायची गरज नसते.

ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते. अवघड असतं ते सर्वसाधारण शर्यतीत, दहा-बारा घोड्यांच्या धुरळ्यात, ज्याचं नावही कुणी घेत नाही अशा घोड्याच्या बाबतीत हे ओळखणं. त्यासाठी शर्यतीत दुर्दैव नेमकं कुठं कुठं दबा धरून बसलेलं असतं, ते माहीत हवं. चला, एक शर्यत टप्प्याटप्प्यानं पाहू.

पहिला टप्पा सुटण्याचा. भर वेगातला घोडा तासाला साठ किलोमीटरच्या आसपास पळतो. एका घोड्याची लांबी धरली जाते साधारण अडीच मीटर. म्हणजे सेकंदाला सहा-एक लांब्या. सुटताना अर्धा सेकंद गेला, तर तीन लांब्या गेल्या. हजार मीटरच्या झटपट शर्यतीत हे जबर नुकसान आहे, कारण भरून काढायला वेळच नसतो. चोवीसशे मीटरमध्ये ते भरून निघू शकतं, पण एका अटीवर: जॉकीनं घाई करता कामा नये. गेलेल्या तीन लांब्या पहिल्या दोनशे मीटरमध्येच वसूल करायला जाणारा जॉकी घोड्याचा दम तिथंच संपवतो. मग शेवटी घोडा गळतो आणि लोक म्हणतात, ‘दम नाही याच्यात.’ दम होता. तो भलत्या जागी खर्च झाला.

दुसरा टप्पा वेगाचा. हा डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून जास्त महत्त्वाचा. समजा, चार घोडे सुरुवातीपासून एकमेकांशी स्पर्धा करत वेड्यासारखे पुढे पळाले. शेवटी त्यांतले तिघे पार मागे पडले आणि एक तिसरा आला. मागून आरामात आलेले दोघे पहिला आणि दुसरा. टाळ्या त्या दोघांना मिळतात. पण वहीत नाव लिहायचं ते त्या तिसऱ्याचं. त्याच्यासोबत पळालेले सगळे कोसळले, तो टिकला. उलट, सगळे रमतगमत पळालेल्या शर्यतीत पुढच्या घोड्याला शेवटी भरपूर दम शिल्लक राहतो आणि मागून येणाऱ्याला, तो कितीही चांगला असला तरी, अंतर कापता येत नाही. असा घोडा पाचवा आला तरी तो वाईट पळाला असं म्हणता येत नाही. या दोन्ही प्रकारांत कुणी कुणाला धक्का दिला नाही, कुणाची वाट अडली नाही, तरी दुर्दैव आहेच.

तिसरा टप्पा वळणाचा. इथं थोडी शाळेतली भूमिती लागते. अर्ध्या वर्तुळाचं वळण असेल आणि एखादा घोडा आतल्या कठड्यापाशी पळणाऱ्या घोड्यापेक्षा तीन मीटर बाहेरून वळला, तर तो किती जास्त पळतो? तीन गुणिले पाय, म्हणजे साडेनऊ मीटरच्या जवळपास. वळण मोठं असो की छोटं, उत्तर तेच. साडेनऊ मीटर म्हणजे जवळजवळ चार लांब्या. शर्यती नाकाच्या आणि मानेच्या अंतरानं ठरतात, तिथं चार लांब्या म्हणजे डोंगर. घोड्याला बाहेरच्या अंगाचा गाळा मिळाला आणि आत शिरायला वाटच मिळाली नाही, की हे घडतं. पण त्यालाही एक पुरवणी आहे. पुण्याच्या पावसाळी शर्यतींत आतल्या बाजूची जमीन कधी कधी तुडवून तुडवून मऊ झालेली असते. अशा दिवशी बाहेरून पळणारा जास्त अंतर पळतो खरा, पण टणक जमिनीवरून. तेव्हा त्या दिवशीच्या बाकीच्या शर्यती कुठून जिंकल्या गेल्या, हे पाहिल्याशिवाय वळणाचा हिशेब मांडू नये.

चौथा टप्पा शेवटच्या सरळ पट्ट्याचा. इथलं दुर्दैव सर्वांना दिसतं. घोड्यात ताकद आहे, जॉकीचे हात शांत आहेत, पण समोर तीन घोडे आणि बाजूला एक. फट दिसते, मिटते. जॉकी लगाम खेचतो, दिशा बदलतो, पुन्हा वेग घेतो. वेग तोडून पुन्हा पकडणं घोड्याला फार महागात पडतं. पळणाऱ्या माणसाला कुणी मध्येच खांद्याला धरून थांबवावं आणि मग ‘आता पळ’ म्हणावं, तसं ते असतं.

या प्रकारातलं गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं आहे. १९५३ च्या केंटकी डर्बीत नेटिव्ह डान्सर नावाच्या करड्या घोड्याला पहिल्याच वळणावर धक्का बसला आणि शेवटी डार्क स्टारकडून तो फक्त डोक्याच्या अंतरानं हरला. नेटिव्ह डान्सर आयुष्यात बावीस शर्यती पळाला. त्यांतली त्यानं हरलेली शर्यत ही एवढी एकच. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, मॅन ओ’वॉर हा थोर घोडा न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगाच्या मैदानावर अर्ध्या लांबीनं हरला. तेव्हा आजच्यासारखे गाळे नव्हते, पट्टी वर उचलून घोडे सोडत. तो उशिरा सुटला, मग इतरांच्या कोंडाळ्यात सापडला. शिवाय त्याच्या पाठीवर १३० पौंड आणि जिंकणाऱ्याच्या पाठीवर ११५. जिंकणाऱ्या घोड्याचं नाव होतं ‘अपसेट’. अनपेक्षित निकालाला ‘अपसेट’ म्हणायची रीत त्या दिवसापासून पडली, असं हौसेनं सांगितलं जातं. खरं तर तो शब्द त्या अर्थानं आधीपासून वापरात होता. मॅन ओ’वॉरच्या एकवीस शर्यतींतली ती एकमेव हार.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, की हरलेला प्रत्येक घोडा म्हणजे दुर्दैवी हिरा. नेमका इथंच सापळा आहे. दहा घोड्यांच्या शर्यतीत नऊ घोडे हरतात आणि चित्रफीत पुरेशा प्रेमानं पाहिली, तर नऊच्या नऊ घोड्यांसाठी काही ना काही कारण सापडतं. याला जागा मिळाली नाही, त्याला ओली जमीन मानवली नाही, तिसऱ्याच्या जॉकीनं चाबूक उशिरा उचलला. कारण सापडणं यात विशेष काही नाही. ते कारण तपासाला टिकतं का, हा प्रश्न. त्यासाठी चार प्रश्न विचारावेत, असं मला वाटतं.

पहिला प्रश्न: जे आडवं आलं ते बाहेरून आलं, की घोड्याच्या स्वभावातून? एकदा उशिरा सुटला तो अपघात. पाचपैकी चार वेळा उशिरा सुटतो, तो त्याचा स्वभाव. त्याला दुर्दैव म्हणता येणार नाही. वळणावर बाहेर फेकला जाणारा घोडा, नेहमी गर्दीत बुजणारा घोडा, पळताना वारंवार नाकातून रक्त येणारा घोडा, यांच्या अडचणी खऱ्या आहेत, त्यांच्याबद्दल सहानुभूती हवी. पण त्या पुढच्या शर्यतीतही त्यांच्यासोबत येणार आहेत. याउलट खोगीर सरकलं, नाल निघाला, शेजारचा घोडा अंगावर आला, हे बाहेरचं.

या प्रश्नाचं उत्तर नेहमी सोपं नसतं. झेनियाटा नावाची अमेरिकन घोडी ओळीनं एकोणीस शर्यती जिंकली. तिची पद्धत ठरलेली: सर्वांत मागे राहायचं आणि शेवटी वाऱ्यासारखं यायचं. नोव्हेंबर २०१० मध्ये ब्रीडर्स कप क्लासिक या विसाव्या आणि अखेरच्या शर्यतीत ती अशीच खूप मागे राहिली, अशीच आली आणि ब्लेम नावाच्या घोड्याकडून डोक्याच्या अंतरानं हरली. दुर्दैवी? लाखो लोक म्हणाले, हो. पण जो घोडा नेहमी मागून येतो, त्याला कधी ना कधी मैदान अपुरं पडणारच. एकोणीस वेळा ज्या पद्धतीनं तिला जिंकवलं, त्याच पद्धतीची ती किंमत होती. डान्सिंग ब्रेव्हच्या बाबतीत तसं नव्हतं. पुढच्या शर्यतींत त्याला जिंकता आलं, कारण मागे राहणं ही त्याची गरज नव्हती, तो त्या दिवशीचा निर्णय होता.

दुसरा प्रश्न: नुकसान लांब्यांत मोजता येतं का, आणि ते हरलेल्या अंतराशी जुळतं का? एखादा घोडा बारा लांब्यांनी हरला आणि त्याची दोन लांब्यांची वाट अडली होती, तर उरलेल्या दहांचं काय? या हिशेबात हात आखडता ठेवावा. सुटताना तीन, वळणावर चार, पट्ट्यात दोन, अशी बेरीज करत गेलं, तर कुठलाही घोडा कागदावर डर्बी जिंकतो. जेवढं नुकसान दिसतं, त्याच्या निम्मंच धरावं. निम्म्यातही हिशेब जुळत असेल, तरच पुढं जावं.

तिसरा प्रश्न: अडथळ्यानंतर घोडा काय करत होता? हा माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. वाट मोकळी झाल्यावर त्यानं पुन्हा वेग घेतला का? शेवटची रेषा ओलांडताना तो इतरांपेक्षा जोरात होता, की त्यांच्यासारखाच दमलेला? अडकलेला घोडा मोकळा झाल्यावरही पुढे सरकला नसेल, तर अडथळ्यानं त्याचं काही नुकसान केलं नाही. उलट त्याची अब्रू झाकली. आणि इथं आणखी एक डोळ्यांचा भ्रम असतो. मागून येऊन सहा दमलेल्या घोड्यांना मागे टाकणारा घोडा फार वेगवान वाटतो. पुष्कळदा तो वेग वाढवत नसतो, बाकीचे थांबत असतात.

चौथा प्रश्न: पुढच्या वेळी काही वेगळं घडणार आहे का? बाराशे मीटरमध्ये ज्याला शेवटी मैदान अपुरं पडलं, तो पुढं सोळाशेत पळणार आहे का? ओल्या पुण्यात घसरलेला घोडा कोरड्या मुंबईत येतो आहे का? गाळा कुठला, जॉकी कोण, वजन किती? ज्या परिस्थितीनं घोडं अडलं, तीच पुन्हा समोर असेल, तर आपण दुर्दैव सरण्याची वाट पाहत नाही, त्याच्या पुनरावृत्तीची वाट पाहतो आहोत.

या चार प्रश्नांतून एका दिवसाच्या सात-आठ शर्यतींत फार तर एखादा घोडा पार होतो. कित्येक दिवशी एकही होत नाही. ज्या माणसाच्या वहीत प्रत्येक दिवशी सहा दुर्दैवी घोडे असतात, त्याला दृष्टी फार आहे असं समजू नये. त्याच्याकडे माया फार आहे. वहीत लिहायचं तेही थोडक्यात आणि त्याच दिवशी: कुठं अडलं, किती गेलं, नंतर कसा पळाला, पुढं काय हवं. आणि नाव खोडायचा दिवसही आधीच ठरवून ठेवावा. योग्य परिस्थितीत दोन वेळा पळूनही घोडा आला नाही, तर चूक वहीची. तिसऱ्यांदाही ‘दुर्दैवी’ लिहावंसं वाटलं, तर पेन खाली ठेवावं.

हाच नियम जिंकणाऱ्यांनाही लावून पाहावा. १९६७ च्या ग्रँड नॅशनल या इंग्लंडच्या अडथळ्यांच्या शर्यतीत तेविसाव्या कुंपणापाशी घोड्यांचा असा ढीग झाला, की जवळजवळ सगळे थांबले किंवा पडले. फॉयनाव्हन नावाचा घोडा इतका मागे होता, की तो पोचेपर्यंत जॉकीला बाजूनं वाट काढता आली. शंभरास एक भावाचा हा घोडा जिंकला. तो एकचा आकडा जितका खरा, तितकाच त्याच दिवशीचा. ज्या दिवशी कुणाचं तरी घोडं अडतं, त्या दिवशी दुसऱ्या कुणाचं तरी ते सुटलेलं असतं, एवढं लक्षात ठेवलं, की डोळे जास्त स्वच्छ होतात.

आता थोडं पैशाबद्दल बोलावंच लागेल. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांच्या शर्यती हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. बरोबरच आहे, आतापर्यंत जे सांगितलं ते कौशल्यच. पण कौशल्य आहे म्हणजे पैसे मिळतील, असं नाही. ठळक दुर्दैव सर्वांनी पाहिलेलं असतं. चित्रफिती आता कुणालाही पाहता येतात. त्यामुळे पुढच्या शर्यतीत त्या घोड्याचा भाव आधीच उतरलेला असतो. टोट आपला वाटा आधी कापून घेतं. त्यावर जीएसटी: पैजेच्या रकमेवरचा हा कर २८ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. हा एवढा चढ चढून वर यायला घोडा कितवा यावा लागेल, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

आणि याहून खोल एक गोष्ट आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये जुगाराच्या यंत्रासारखा खेळ लोकांना देऊन त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. थोडक्यात हुकलेला डाव लोकांना साध्या हरण्यापेक्षा जास्त बोचत होता, आणि तरीही त्यानंतर पुन्हा खेळावं, अशी इच्छा वाढत होती. मेंदूतल्या ज्या भागांना जिंकल्यावर जाग येते, तेच भाग ‘थोडक्यात हुकलं’ यानंही जागे होत होते. म्हणजे ‘आलाच होता हो!’ हे वाक्य निरुपद्रवी नाही. रेसच्या नादापायी बुडालेली घरं आपल्या मुंबईनं, पुण्यानं पाहिली आहेत. ती एका मोठ्या हरण्यानं क्वचितच बुडाली. ती बुडाली आठवड्यामागून आठवडा ‘थोडक्यात हुकलं’ असं म्हणत म्हणत. घोड्याचं दुर्दैव मोजायला बसलेला माणूस स्वतःचं दुर्दैव मोजायला लागला, की निरीक्षण संपलं आणि सबब सुरू झाली.

म्हणून माझी सूचना साधी आहे. एक हंगाम फक्त वही घेऊन पाहा, पाकीट घरी ठेवून. प्रत्येक शर्यतीत एकच घोडा निवडा, तोही पुढचा नव्हे, मधला. शर्यत सुटल्यापासून संपेपर्यंत त्याच्यावरची नजर काढू नका. निकाल पुकारला गेला तरी त्याच्याकडेच पाहा. मग घरी येऊन त्याचे चार प्रश्न सोडवा आणि पुढच्या वेळी तो काय करतो ते पडताळा. बरोबर ठरलात तर आनंद तुमचा, चुकलात तर खर्च फक्त शाईचा. आपल्या डोळ्यांची खरी परीक्षा अशीच होते, कारण पैसे लागलेले नसले, की माणूस घोड्याशी प्रामाणिक राहतो.

ही सवय लागली, की तिचा उपयोग रेसकोर्सबाहेरही होतो. दहावीच्या निकालात, नोकरीच्या मुलाखतीत, निवडणुकीत, आपण सगळीकडे आकडे वाचतो आणि पुढं जातो. एखादा मुलगा मागे का पडला, हे विचारायला आपल्याला वेळ नसतो. आणि आपल्या स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मात्र सबबी तयार असतात. बाहेरचं अडलं की आतलं, किती अडलं, अडल्यावर त्यानं काय केलं, पुढं काय बदलेल, हे चार प्रश्न तिथंही चालतात. दुसऱ्याच्या मुलाला ते आपुलकीनं विचारावेत आणि स्वतःला जरा कठोरपणे.

बाकी, घोडामैदान जवळच आहे. नमस्कार.